दार लोटून घे

१

जेवणाच्या सुट्टीत मी शाळेतून घरी येते ती समुद्राच्या बाजूनं. त्यामुळे आधी लागतं ते स्वयंपाकघराचं मागचं दार. हे दार आमच्याकडे दिवसा कधीच बंद नसतं. आई होती तेव्हाही नसायचं. खाऱ्या हवेनं ते फुगलंय, चौकटीत नीट बसत नाही, आणि लावलं तर चुलीचा धूर घरातच कोंडतो.

त्या दिवशी ते लोटलेलं होतं.

मी ढकलून आत आले. सिल्वेरिओ, माझा थोरला भाऊ, पुढच्या ओटीवर खुर्चीचा पाय तासत बसला होता. आमच्या लेते बेटावर थोरल्या भावाला नोय म्हणतात, मीही त्याला तेच म्हणते.

"नोय, मागचं दार तू लावलंस?"

"लावलं असेल."

"धूर बघ किती झालाय. कशाला लावायचं?"

त्यानं रंधा थांबवला नाही. "कोंबड्या येतात ना आत," तो म्हणाला.

आमच्याकडे कोंबड्या नाहीत. शेजारच्यांकडेही नाहीत, त्यांचं सगळं डुकरांवर चालतं. पण मी वाद घातला नाही. नोय तुरुंगातून सुटून घरी आला त्याला तेव्हा जेमतेम पाऊसकाळ उलटला होता. इतकी वर्षं दारं दुसऱ्यांनी उघडायची आणि दुसऱ्यांनी लावायची अशा जागी राहिलेला माणूस. त्याला एखादं दार स्वतःच्या हातानं लावावंसं वाटलं, तर वाटू दे. मी सुकट तळली, भात वाढला, आम्ही जेवलो.

२

नोय मुळात सुतार. बाजारपेठेतल्या तांदळाच्या दुकानाची मालकीण, मार्सियाना नावाची विधवा, तिच्या घरी तो कपाट करत होता तेव्हा ती नाहीशी झाली. बऱ्याच दिवसांनी प्रेत समुद्रानं बाहेर टाकलं. ते अशा अवस्थेत होतं की डॉक्टरला त्यावरून काही सांगता येईना. म्हणजे पोलिसांना हवं ते लिहायला पाटी कोरीच होती. त्यांनी नोयला उचललं. ठाण्यात काय काय झालं ते त्याच्या पाठीवर अजून दिसतं. शेवटी त्यानं कबुली दिली: भर दुपारी स्वयंपाकघरात मागच्या दारानं शिरलो, हातोडीनं मारलं, अंधार पडल्यावर समुद्रात टाकलं. न्यायाधीशानं जन्मठेप दिली.

गेल्या वर्षी मार्सियानाचा भाचा शेजारच्या सेबू बेटावरच्या इस्पितळात मरायला टेकला आणि त्यानं खरं काय ते सांगितलं. त्यानं मावशीला होडीतून नेऊन बुडवलं होतं. तिच्या गळ्यातली साखळी त्यानं सांगितलेल्या माडाखाली मिळाली. नोय सुटला. म्हणजे त्या कबुलीतलं काहीच कधी घडलं नव्हतं. स्वयंपाकघर नाही, हातोडी नाही, काही नाही.

हे सगळं मला पाठ आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुरावा कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे मुलांना सांगता सांगता माझा जन्म गेला. म्हणूनच दार तिसऱ्यांदा लोटलेलं दिसलं, तेव्हा मी त्याला समोर बसवलं.

"नोय, खरं सांग. कोंबड्यांचं काय आहे?"

तो मक्याची कॉफी फुंकत होता. "ती म्हणाली होती तसं. मी आत गेलो तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती, भात ढवळत होती. मागे न बघताच म्हणाली, 'दार लोटून घे, कोंबड्या आत येतात.' कुणी घरातलंच आलंय असं वाटलं असेल तिला."

मी शाळेतल्यासारखी शांतपणे बोलले. "कोण म्हणाली? मार्सियानाला तिच्या भाच्यानं मारलं. होडीत. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. मी काय वेडा आहे, दाय?" तो हसला. लहानपणापासून तो मला दाय म्हणतो. "मार्सियानाला मी हातही लावला नाही. मी सांगतोय ती दुसरी."

"दुसरी कोण?"

"तेच तर माहीत नाही," नोय म्हणाला आणि कॉफी प्यायला लागला.

३

मारून मारून माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट घातली की ती तिथं आठवणीसारखी घर करते. हे मी वाचलं होतं. त्यावर उपाय एकच: खरी जागा डोळ्यांना दाखवायची. म्हणून शनिवारी मी त्याला मार्सियानाच्या घरी नेलं.

आता तिथं माझा जुना विद्यार्थी होवितो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आम्हाला बघून तो जागचा उठला. नोयला गावात सगळे ओळखतात, पण त्याच्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नाही.

"मॅडम, या ना. काका, तुम्हीपण या. मोबाइल बिघडलाय?"

"मोबाइल नाही. तुझं स्वयंपाकघर बघायचंय."

"ते बिघडलेलंच आहे, बायकोला विचारा," होवितो म्हणाला, आणि मग आपण कुणासमोर विनोद केला ते आठवून त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

आम्ही आत गेलो. अरुंद, काळपट खोली. मी नोयला मागच्या भिंतीपाशी उभं केलं. "हात लावून बघ. दार आहे का इथं?"

दार नव्हतं. कधी असणंही शक्य नव्हतं. त्या घराची मागची भिंत म्हणजे चर्चच्या आवाराचीच दगडी भिंत आहे, चर्चइतकी जुनी. आमचा वकील खटल्यात हेच ओरडून ओरडून सांगत होता. आरोपी घाबरून दिशा चुकला असेल, असं म्हणून न्यायाधीशानं ते बाजूला सारलं होतं.

नोयनं दोन्ही तळवे दगडांवर ठेवले. सुतार लाकूड पारखतो तसे फिरवले. मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, सुटला बिचारा.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. "हे ते घर नाहीच. इथं समुद्र कुठं ऐकू येतोय?"

आमचं घर लाटांपासून इतकं जवळ आहे की भरतीला मोठ्यानं बोलावं लागतं.

दुपारी जेवून नोय ओटीवरच्या झोळीत झोपला. मी समोरच बसून पेपर तपासत होते. त्याचा एक हात झोळीबाहेर लोंबत होता, तोंड उघडं होतं. आणि आत, स्वयंपाकघरात, भातवाढीचा आवाज झाला. पातेल्याच्या कडेनं लाकडी भातवाढी फिरते तो. एक फेरा, मग थांबून पातेल्याच्या काठावर दोनदा आपटणं, भात झटकायला. मग पुन्हा फेरा.

उंदीर, मी मनात म्हटलं. वारा. छपराचा पत्रा उन्हानं तापून वाजतो, तो. एकेक कारण मी नीट तपासलं. पत्रा काठावर दोनदा आपटून थांबत नाही. मी उठले नाही. पुढचा पेपर घेतला आणि त्या मुलाला त्याच्या लायकीपेक्षा बरेच जास्त गुण दिले.

आवाज थांबल्यावर आत गेले. पातेलं सकाळी घासून पालथं घातलेलं, तसंच होतं. चूल थंड होती. मागचं दार लोटलेलं होतं.

४

नोयची कबुली घेणारा सार्जंट अबुंदिओ गावाबाहेर टेकडीवर राहतो. निवृत्त झालाय, अर्धांगवायूनं डावी बाजू गेलीय. इतकी वर्षं बाजारात तो दिसला की मी रस्ता बदलत असे. त्या रविवारी प्रार्थना आटोपून मी सरळ त्याच्या घरी गेले.

अंगणात कोंबड्या होत्या. त्याच्या सुनेनं मला खुर्ची दिली आणि ती तोंड फिरवून कपडे वाळत घालायला निघून गेली.

"माफी मागायला सांगायला आलीस का?" अबुंदिओ म्हणाला. त्याचं अर्धंच तोंड हलत होतं. "फादरनं सांगून झालंय. मागितली मी."

"माफी तुमच्यापाशीच ठेवा. मला एवढंच विचारायचंय, नोयला तुम्ही काय काय पढवलं होतं?"

"काय म्हणजे?"

"बाई भात ढवळत होती, हे? ती काय बोलली, ते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कपडे वाळत घालणाऱ्या सुनेकडे पाहून आवाज खाली आणला. "आम्ही हातोडी दिली. समुद्र दिला. दार दिलं, ते चुकलंच. बास, एवढंच. सही झाली की आमचं काम झालं. पण तो थांबेना."

"थांबेना म्हणजे?"

"बोलायचा थांबेना. आम्ही मारायचं सोडलं होतं, त्याच्यापुढं जेवण ठेवलं होतं. तरी सांगतोय आपला. ती कुठं उभी होती, कशी वळली, कशी पडली. मी म्हटलं, पुरे बाबा, झालं. तरी चालूच. आणि त्यातली बाई तरुण होती. मार्सियाना साठीची! आम्हाला ते कसं चालणार? आम्ही ते लिहिलंच नाही." त्याच्या तोंडातून लाळ गळली, ती त्यानं चांगल्या हातानं पुसली. "माझ्याबरोबरचा एक शिपाई बाहेर जाऊन ओकला. बिनघडलेली गोष्ट ऐकून कुणी ओकतं का? तूच सांग. तू मास्तरीण आहेस."

मी नजर वळवली. आता माझ्या ध्यानात आलं की त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराला आडव्या फळ्या ठोकल्या आहेत. गंजलेले खिळे, जुनं काम. सून अंगणातून वळसा घालून पुढच्या दारानं आत जात होती.

अबुंदिओनं माझी नजर हेरली. एकदम पुढं वाकून त्यानं माझं मनगट धरलं.

"तुमच्याकडे येते ना आता?" तो म्हणाला. "तरीच. सिल्वेरिओ सुटला तेव्हापासून इकडं फिरकली नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आधी वाटलं पश्चात्तापाचं. पण तो सुटकेचा आनंद होता. इतक्या वर्षांचं ओझं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकल्याचा.

५

हे मी नोयला सांगितलं नाही. पण त्याचं त्याचं काही ठरत होतं. मृतांचा सण जवळ आला तसा तो फणसाच्या लाकडाचा एक क्रूस घडवू लागला. साधाच, पण कडा इतक्या गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे.

"कुणासाठी, नोय? आईचा तर सिमेंटचा आहे."

"तिच्यासाठी. सगळ्यांच्या मेणबत्त्या लागतात. तिला कोण लावणार?"

"नाव काय लिहिणार?"

"काही नाही. नाव कुठं सांगितलंय तिनं?"

स्मशानभूमीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात, जिथं माडाखाली कुणालाच पुरलेलं नाही, तिथं त्यानं तो रोवला. खड्डा खणला नाही. दगडानं ठोकून वीतभर आत घातला, एवढंच. मी तिथं शेजारीच उभी होते. हे मी पुढं पोलिसांना शपथेवर सांगितलं आणि आजही सांगेन.

सणाच्या दिवशी सगळा गाव तिथं होता. सतरंज्या, चिकटभाताचे मुटके, पत्ते, रेडिओ. नोय बिननावाच्या क्रूसापुढं मेणबत्ती लावून गुडघ्यावर बसला, तसा आमच्या आजूबाजूचा गलका कमी कमी होत गेला. फादर येऊन हळूच म्हणाले, "सिल्वेरिओ, बाळा, इथं कुणी नाही."

"नसू दे, फादर. पाणी शिंपडा फक्त."

फादरनी शिंपडलं. भले आहेत ते. पण त्यांच्या मागं गावप्रमुखाची बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोललीच. "निर्दोष माणूस कशाला थडगं बांधतोय ग? आमच्या ह्यांनी नाही बांधलं कधी!"

"तुमच्या ह्यांना निर्दोष कोण म्हणालं?" मी म्हटलं. दोघीतिघी हसल्या. पण मला कळून चुकलं होतं, ही ठिणगी आता विझणार नाही.

घरी मात्र शांतता आली. मागचं दार सताड उघडं राहू लागलं. धूर बाहेर जाऊ लागला. दुपारी मी कान देऊन बसत असे, फक्त लाटा ऐकू येत. नोय पोटभर जेवू लागला. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. बिननावाची का असेना, मेणबत्ती मिळाली, गेली.

६

ठाण्यात कुणी अर्ज केला ते कळलं नाही. एका सकाळी पोलीस आले. नवा तरुण अधिकारी लेफ्टनंट कासियानो आणि दोन शिपाई. कासियानो अदबीनं वागला. जुन्या प्रकरणात जे झालं त्याची त्याला लाज होती, ते त्याच्या बोलण्यातून दिसत होतं.

"मॅडम, लोक म्हणताहेत तुमच्या भावानं तिथं काहीतरी पुरलंय. मला माहीत आहे काही नसणार. एकदा खणून दाखवलं की त्यांची तोंडं बंद होतील. तुमच्याच भल्यासाठी."

"खणा," नोय म्हणाला. त्याला विचारलंही नव्हतं.

गावाला स्मशानभूमीच्या फाटकाशी अडवलं होतं. आत आम्ही दोघं, पोलीस, आणि थडगी खणणारा म्हातारा मेलेसिओ. क्रूस उपटून बाजूला ठेवला. मेलेसिओ कुदळ मारू लागला.

मी मातीकडे बघत होते. वरची वाळू, खाली काळसर थर, त्याखाली पिवळा. थर एकमेकांत मिसळलेले नव्हते. माडाची मुळं एका बाजूकडून दुसरीकडे सलग गेली होती, ती कुदळीनं तुटत होती. ज्या जमिनीत अशी मुळं धडधाकट असतात, ती जमीन कुणी कित्येक वर्षांत उकरलेली नसते. मी हे लेफ्टनंटला समजावून सांगितलं. तो मान हलवत होता. माझा आवाज अगदी स्थिर होता.

मेलेसिओ कमरेइतका आत गेला. "नुसती मुळं आहेत, साहेब," तो म्हणाला. "बघा किती."

खरंच, आणखी मुळं दिसत होती. बारीक, काळी, पुष्कळ. मेलेसिओनं वाकून मूठभर धरली आणि ओढली. ती तुटली नाहीत. ओढली तशी ताणली गेली, आणि त्याच्या बोटांतून हळूहळू परत मातीत सरकली. आतून कुणी मान वळवून घेतली असावी तशी.

मेलेसिओ कुदळ तिथंच टाकून वर आला. म्हातारा माणूस, पण कुणाचा हात न धरता वर आला. एक शिपाई क्रूसाची खूण करत मागं सरकला. लेफ्टनंट खड्ड्याच्या काठावरून वाकून बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडलेल्या मला दिसल्या.

नोयनं पुढं होऊन दोन्ही मनगटं जोडून त्याच्यापुढं धरली. शांतपणे. घाईनं कुठं जायचं नसलेल्या माणसासारखी.

"हात खाली घ्या," लेफ्टनंट म्हणाला. "काका, हात खाली घ्या. खाली घ्या म्हणतो ना!"

"साहेब, खाली ती..."

"काही नाही खाली!" तो शिपायांवर ओरडला. "बुजवा. आधी बुजवा ते!"

मेलेसिओ पुढं येईना. शेवटी शिपायांनीच फावड्यानं, बुटांनी माती लोटली. खड्ड्यात कुणी बघत नव्हतं. नोय तेवढा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती सावरत होता, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी.

काही आढळलं नाही, असं लेफ्टनंटनं फाटकाशी जमलेल्या लोकांना सांगितलं. सगळे पांगले. महिन्याभरात त्यानं दुसऱ्या बेटावर बदली करून घेतली.

परतताना नोयनं विचारलं, "तू बघितलंस ना, दाय?"

माझ्यापुढं त्याची जोडलेली मनगटं अजून दिसत होती. हो म्हटलं असतं तर तो स्वतः जाऊन ठाण्याच्या पायरीवर बसला असता. आणि पुढचा अधिकारी कासियानोसारखा घाबरट निघाला नसता तर?

"मुळं होती, नोय," मी म्हटलं.

तो चालता चालता थांबला. रागावला नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी मी पडले की फिरवायचा तसा. "बरं," म्हणाला. "मुळं तर मुळं."

७

त्यानंतर तो घरी राहिला नाही. स्मशानभूमीच्या भिंतीला लागून, समुद्राच्या बाजूला, त्यानं झावळ्यांची झोपडी बांधली. मी रडले, भांडले. फादरनी समजावलं. काही उपयोग झाला नाही. "इतकी वर्षं तिला एकटं ठेवलं," एवढंच म्हणाला. आता तो तिथं शवपेट्या करतो. काम सुबक असतं, लोक मुकाट्यानं येऊन घेऊन जातात.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी न जाता त्याच्याकडे जाते. दारातच डबा ठेवते. आत जात नाही, तोही ये म्हणत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, "दोघांपुरतं आणत जा." म्हातारा होत चाललाय, उन्हात राबतो, भूक लागत असेल, असं म्हणून मी दोघांपुरतं नेऊ लागले. आदल्या दिवसाची ताटं उंबऱ्याबाहेर ठेवलेली असतात. राखेनं लख्ख घासलेली, एकावर एक पालथी. नोयनं जन्मात कधी ताट घासलेलं नाही. तुरुंगात शिकला असेल.

परवा ताटं उचलायला वाकले, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. मागं झोपडीत अंधार होता. तो जरा संकोचला, मग म्हणाला, "दाय, माशाच्या कालवणात आंबट थोडं जास्त होतंय, म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी आंबट कमी घातलं.